झोपेच्या गोळीचा उजवा अर्धा

यंदा किंक्रांतीच्या दिवशी सकाळी कोपरगाव तालुक्यातील आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पाण्याने भरलेले सहा पेले एका ओळीत ठेवलेले आढळले. प्रत्येक पेल्यावर बशी झाकलेली होती. पाणी गढूळ होते. घरात बोअरचे स्वच्छ पाणी येते. असे मातकट पाणी जवळपास एकाच ठिकाणी होते, घरामागून जाणाऱ्या कालव्यात, ज्याला आमच्याकडे सगळे पाट म्हणतात. रब्बीच्या पिकांना पाणी सोडण्याचे आवर्तन चालू होते आणि पाट काठोकाठ वाहत होता.

पुढचे दार नुसते ओढलेले होते. आतली कडी काढलेली होती. वडील त्यांच्या खोलीत पलंगावर झोपले होते, श्वास शांत होता. त्यांचा पायजमा गुडघ्यांच्या वरपर्यंत ओला होता. दुधाची किटली उंबऱ्याजवळ उपडी घातलेली होती, घासलेले भांडे निथळायला घालतात तशी.

आईने वडिलांना उठवले नाही. तिने मला नगरला, सावेडीच्या घरी फोन केला.

"तू ये," ती म्हणाली.

"अण्णा बरे आहेत ना?"

"झोपलेत. तू ये."

"झालंय काय?"

"फोनवर नको. आज करीदिन आहे."

गुरुवार होता. शिर्डीच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे पोचायला दुपार झाली. तोपर्यंत आईने पेल्यांना हात लावला नव्हता. पाण्यातली माती तळाशी बसली होती. सहाही पेल्यांत पाण्याची पातळी सारखी होती, पट्टी लावून बघावी इतकी सारखी.

वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत शिफ्ट केमिस्ट होते. गळीत हंगामात कारखाना थांबत नाही, म्हणून तिथे पाळ्या फिरत राहतात. एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. नोकरीची सगळी वर्षे अशीच गेली. निवृत्तीनंतर कारखान्याची वसाहत सोडून त्यांनी पाटाजवळ हे घर बांधले. पाळ्या संपल्या, पण झोप ठिकाणावर आली नाही. दुपारी जेवताना पेंगायचे आणि अंथरुणावर पडले की टक्क जागे. तालुक्याच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी सुरू केली. तिचे नाव झोपिक्लोन.

गोळीने झोप येत असे. सकाळी मात्र ते बराच वेळ जड असत. भिंतीला हात लावून चालत. पहिला चहा त्यांना धातूसारखा कडवट लागे. "पातेल्याची कल्हई गेलीय का गं?" असे ते रोज विचारत आणि आई रोज सांगे, "स्टीलचं आहे. तुमच्या जिभेची कल्हई गेलीय."

दिवाळीनंतर दोघे माझ्याकडे सावेडीला राहायला आले तेव्हा मी त्यांना तिथल्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि आईला विचारले, "झोपेत उठतात का? चालतात, काही उचलून ठेवतात?"

आईने माझ्याकडे पाहिले. मग डॉक्टरांकडे पाहून ती म्हणाली, "नाही. जागचे हलत नाहीत."

डॉक्टरांनी गोळी बदलली. नव्या गोळीचे नाव एसझोपिक्लोन. जुन्यातलाच कामाचा भाग वेगळा काढलेला आहे, डोस कमी लागतो, सकाळची गुंगी कदाचित उतरेल, एवढेच ते म्हणाले. वडील खुर्चीत पुढे सरकले.

"कुठला भाग ठेवलाय? उजवा की डावा?"

डॉक्टर हसले. "म्हणजे?"

"प्रकाश कुठल्या बाजूला वळवतो?"

डॉक्टरांनी मोबाईलवर पाहिले. "उजवीकडे," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत रिक्षात वडिलांनी ते आईला समजावले. त्यांच्या नोकरीतले मुख्य यंत्र पोलारीमीटर. उसाचा गाळलेला रस एका लांब नळीत भरायचा आणि त्यातून प्रकाश सोडायचा. साखर तो प्रकाश किंचित उजवीकडे वळवते. जेवढा वळला तेवढी साखर. रस शिळा झाला, साखर फुटली, की आकडा उतरतो, प्रकाश डावीकडे सरकायला लागतो. कारखान्यात डावीकडे जाणे म्हणजे नुकसान. त्यासाठी गळीत चालू असताना दर तासाला रसाचे सॅम्पल काढून तपासतात.

"तसंच गोळीत," वडील म्हणाले. "दोघं जुळे असतात. तोच साचा, तेच वजन, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. एक कामाचा. दुसरा नुसता बसून खाणारा."

"आपल्या भाऊबंदकीसारखं," आई म्हणाली.

"हां. तर आता त्या बसून खाणाऱ्याला घराबाहेर काढलाय."

रिक्षावाला आरशातून मागे बघत होता.

पुढचे काही आठवडे वडिलांचे फोन येत राहिले. चहा अजून थोडा कडू लागतो, पण डोके मोकळे आहे. भिंत धरावी लागत नाही. "फरक आहे. लिही तुझ्या पेपरात," ते म्हणत. त्या सुमारास आरोग्य पुरवणीसाठी मी खरोखर याच विषयाची माहिती जमवत होते. सर्दीच्या, पित्ताच्या, रक्तदाबाच्या कितीतरी जुन्या गोळ्या आता अशा अर्ध्या रूपात मिळतात. नाव बदलते, डोस निम्मा होतो, पाकीट नवे येते. औषध दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे शुद्ध. कचरा काढलेलं." सावेडीच्या डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत उत्तर दिले नाही.

ते म्हणाले, काही ठिकाणी फरक खरा आहे. कंपवाताच्या एका औषधात दुसरा अर्धा रक्ताला अपाय करत होता, तो काढला हे बरेच झाले. बधिर करण्याच्या एका इंजेक्शनमध्ये एक बाजू हृदयाला जास्त जाचते. पण पुष्कळ ठिकाणी दुसरा अर्धा नुसता पडून असतो, त्याला काढल्याने कोणाचे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. निम्म्या डोसात तेच काम होते, कारण कामाचा भाग तेवढाच असतो. जुन्या गोळीच्या पेटंटची मुदत संपत आली की कंपनीला नवी गोळी हवी असते, हेही त्यात असते. प्रत्येक औषधाचे वेगळे पाहावे लागते, सरसकट उत्तर नाही. झोपेच्या या गोळीबद्दल मला जे वाचायला मिळाले, त्यात नव्या गोळीची तुलना बहुतेक वेळा औषध नसलेल्या गोळीशी केलेली होती. जुनीशी समोरासमोर तुलना थोडीच सापडली, आणि तीत नवी ठळकपणे पुढे गेल्याचे दिसले नाही. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. झोपेत उठून चालणे, काम करणे आणि नंतर काहीच न आठवणे, हे दोन्ही गोळ्यांत होऊ शकते.

मी ते टिपून घेतले. आमच्या घरात कोणी झोपेत चालत नव्हते, अशी माझी माहिती होती.

किंक्रांतीच्या दुपारी वडील उठून ओसरीवर बसले. पायजमा त्यांनी स्वतःच बदलला होता. ओला कसा झाला हे त्यांना सांगता आले नाही. पेले दाखवले तेव्हा त्यांनी एकेक बशी उचलून पाहिली आणि जशी होती तशी परत ठेवली.

"हे कोणी ठेवलं?" ते म्हणाले.



चहा होत होता तेवढ्यात पाटकरी आला. पाटाचे पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचे ते पाहणारा हा माणूस आवर्तनाच्या काळात पाटावरच असतो. त्याने फाटकातूनच विचारले, "आण्णा बरं हायेत ना?"

"या, चहा घ्या," आई म्हणाली. "का हो?"

तो ओसरीच्या पायरीवर बसला. वडिलांकडे बघत आणि नजर चुकवत बोलू लागला.

"न्हाई, पहाटं आलं हुतं पाटावर. अजून झुंजुमुंजू बी न्हवतं. म्या म्हनलं, राम राम आण्णा, येवढ्या लौकर? तर बोललं न्हाईत. डोळं उघडं हुतं. पन माझ्याकडं बघत न्हवतं, अन पान्याकडं बी न्हाई."

"मग कुठं बघत होते?" मी विचारले.

"कुठंच न्हाई, ताई. समोर." त्याने हाताने समोरची हवा दाखवली. "धुन्याच्या पायऱ्या हायेत ना, तितनं उतरलं. पार पान्यात. वाकलं, किटली भरली. भरली अन वतून दिली. पुन्ना भरली, पुन्ना वतली. आसं तीनदा केलं. मग चौथ्या बारीला भरून घिऊन निघालं. म्या म्हनलं नवस-बिवस हाय का काय."

"नवस कसला मेला," आई म्हणाली.

"मी मागं मागं आलो घरापत्तूर. हाक मारली न्हाई. झोपंतल्या मान्साला हाक मारू ने म्हनत्यात, पान्याजवळ तर न्हाईच न्हाई. आत गेलं, दार तसंच. मी बाहीरनं वढून घेतलं."

वडिलांनी कप खाली ठेवला.

"तीनदा ओतून दिलं?" त्यांनी विचारले. "नक्की तीनदा?"

"व्हय. म्या बघत हुतो न्हवं."

"भांडं वर धरून हलवलं होतं? ओतायच्या आधी?"

पाटकऱ्याने थोडा विचार केला. "हलवलं हुतं. खळखळ आवाज आला."

वडिलांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, कोणाची तरी ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "सॅम्पल घेण्याआधी भांडं त्याच रसानं तीनदा विसळायचं असतं. आधीचं काही राहिलं असेल तर आकडा खोटा येतो. नवीन पोरं एकदाच विसळायची. मी ओरडायचो." ते थांबले. "म्हणजे मीच होतो."

पाटकरी चहा अर्धवट टाकून उठला. जाताना त्याने फाटक लावून घेऊन, परत एकदा ओढून पाहिले.

मी वडिलांकडे गोळ्यांची पट्टी मागितली. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे ती अजून बरेच दिवस पुरायला हवी होती. ती रिकामी होती. नवी पट्टी सुरू झालेली होती.

"दोन घेत होतो," वडील म्हणाले. लपवण्याचा सूर त्यात नव्हता. "डॉक्टरांचा हिशोब चुकला होता. बघ. जुनी गोळी साडेसातची. तिच्यातलं निम्मं डावं, ते गेलं नुकसानीत. उरलं पावणेचार. म्हणजे कामाचं मला पावणेचार मिळत होतं. ही नवी दोनची. कमी पडतंय. दोन घेतल्या की चार. जवळपास बरोबर. आणि यात नुकसानीचा भाग नाहीच, मग भीती कशाची?"

त्यांची बेरीज बरोबर होती. कारखान्यात ती चालली असती. तिथे जेवढी साखर आत जाते तिचा ताळा बाहेर लागावा लागतो आणि तो लागला की पाळी संपते.

मी डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाईल मध्ये ठेवला. त्यांनी सगळे ऐकले.

"अण्णा, मी एक सांगितली होती ना?"

"मागच्यापेक्षा कमी पडत होती, डॉक्टर."

"कमी पडावी म्हणूनच दिली होती. तुमच्या वयाला जुनीच जास्त होत होती. कामाचा भाग कामच करतो, अण्णा. झोपही तोच आणतो, गुंगीही तोच आणतो. उठवून चालवणाराही तोच असू शकतो."

"पण डावं तर काढून टाकलंय."

"डावं काढल्यामुळे चालणं थांबतं असं मी म्हणालो होतो का?"

वडील म्हणाले, "नाही. ते मी म्हणालो."

डॉक्टरांनी ही गोळी त्या दिवसापासून बंद करायला सांगितले. जुनीही परत घ्यायची नव्हती. काही दिवस झोप लागणार नाही, चिडचिड होईल, पण दुसरी कुठलीही गोळी मनाने आणायची नाही. दाराला बाहेरून नाही, आतून कुलूप लावायचे आणि किल्ली आईकडे. पुढच्या आठवड्यात दाखवायला यायचे. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारले, "आधी कधी असं झालं होतं? जुन्या गोळीवर?"

"नाही," वडील म्हणाले. "तेच तर. जुन्या गोळीवर कधीच नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात पेल्यांवरच्या दोन बश्या होत्या.

"झालं होतं," ती म्हणाली.

वडिलांनी मान वळवली.

"पितृपंधरवड्यापासून," आई म्हणाली. "रोज नाही. कधीतरी. सकाळी मी उठायचे तर ओट्यावर असेच पेले. झाकलेले. तेव्हा पाणी आपल्याच माठातलं असायचं. स्वच्छ."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमचे लॅबमधले ते गेले ना त्याच्या आदल्या महिन्यात. रात्रपाळीला जोडीला असायचे ते. मला वाटलं तुम्ही त्यांच्यासाठी पाणी ठेवताय. मनात आलं, ठेवताहेत तर ठेवू दे. अशा गोष्टीला मध्ये तोंड घालू नये." ती बश्यांकडे बघत होती. "मी ते पाणी तुळशीला घालायचे. पेले धुऊन जागेवर ठेवायचे. तुम्ही उठायच्या आत."

"आणि डॉक्टरांना नाही म्हणालीस."

"डॉक्टरांना काय सांगू? मेलेल्याला पाणी ठेवतात म्हणून? वेड्यांच्या दवाखान्यात पाठवलं असतं तुम्हाला."

फोन चालू होता. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी ही गोळी दिलीच नसती." मग त्यांनी पुढच्या आठवड्याची वेळ परत सांगितली आणि फोन बंद झाला.

मी ओसरीवरचा मोबाईल उचलून घेतला. पाटाच्या पाण्याचा आवाज तिथपर्यंत येतो. एरवी तो लक्षात येत नाही.

"म्हणजे दोघेही चालतात," वडील म्हणाले.

आईने विचारले, "कोण दोघे?"

"जुन्या गोळीवरचा मी, आणि नव्या गोळीवरचा मी." ते आत गेले, सहाही पेले मोरीत ओतले आणि स्वतः घासले.

त्यानंतरचा काळ आईच्या फोनवरून कळत होता. गोळी बंद झाली. पहिले काही दिवस वडील जवळपास झोपलेच नाहीत. किल्ली आईने गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली होती. ते तिच्यावर चिडत, "मी काय चोर आहे का?" ती म्हणे, "तुम्ही नाही. तुमच्यातला आहे."  डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. दुपारची झोप बंद, संध्याकाळनंतर चहा बंद, उठण्याची वेळ एकच, असे त्यांनी लावून दिले. झोप थोडी थोडी आली, तुटक, पहाटे संपणारी. चहा चहासारखा लागू लागला. ओट्यावर काही दिसले नाही. आवर्तन संपेपर्यंत पाटावर कोणी आले नसल्याचे पाटकऱ्यानेही सांगितले.

पुरवणीतला लेख आला. त्यात वडिलांचा उल्लेख नव्हता.

आवर्तन बंद झाल्यावर मी दोन दिवस घरी गेले. पाटातले पाणी उतरले होते. तळाला चिखल, चिखलात प्लास्टिक, एक चप्पल आणि काही बगळे. वडिलांनी सकाळी ऊन वर आल्यावर पाटकऱ्याला बोलावून घेतले आणि मला म्हणाले, "चल. कुठं उभा होतो ते बघायचंय."

"कशाला?" आई म्हणाली.

"मला तिथलं काहीच माहीत नाही. एवढी वर्षं इथं राहतोय, त्या पायऱ्या मी कधी उतरलो नाही."

आईही आली. चौघे धुण्याच्या पायऱ्यांपाशी थांबलो. वरच्या पायऱ्या साबणाने पांढुरक्या झाल्या होत्या. खालच्या, ज्या आवर्तनात पाण्याखाली असतात, त्यांच्यावर शेवाळ होते आणि ते अजून ओले होते. वडिलांनी विचारले, "नेमकं कुठं?"

पाटकरी चप्पल काढून खाली उतरला. एक हात काठाच्या दगडाला धरून, पाय तपासून टाकत होता. शेवाळाच्या पायऱ्यांवर पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिले, वडिलांची उंची नजरेने मोजली, गुडघ्यांपर्यंतच्या पाण्याचा अंदाज घेतला आणि आणखी एक पायरी उतरला.

"हितं," तो म्हणाला. "हितं हुबं ऱ्हाऊन म्होरं वाकलं हुतं."

वडील वरून बघत होते. आईने त्यांचा दंड धरला होता.

पाटकरी ज्या पायरीवर उभा होता ती शेवटची होती. तिच्याखाली पायरी नव्हती. तिथून काँक्रीटचा उतार सरळ पाटाच्या तळापर्यंत जातो.